कलिंगडाचं पान उलटून बघा: जिवाणूजन्य रोगांची ओळख आणि वाणाची निवड

भात झोडून झालं, पेंढ्याच्या उडव्या रचल्या की आमच्या खडवली-टिटवाळ्याच्या बाजूला एक प्रश्न दर वर्षी कानावर येतो. "यंदा खाचरात कलिंगड लावतोय, रोग न येणारं वाण कुठलं घेऊ?" विचारणारे बहुतेक नवे असतात. कुणी ठाण्यातली नोकरी सांभाळून शनिवार-रविवार वडिलांची जमीन बघायला येतो, कुणी नवी मुंबईतून निवृत्त होऊन भातसाकाठी एकरभर तुकडा कसायला घेतलेला असतो.

उत्तर आधीच सांगून टाकते. जिवाणूंमुळे येणारा कलिंगडाचा सगळ्यात महागात पडणारा रोग म्हणजे फळडाग, आणि त्याला अजिबात दाद न देणारं वाण आज दुकानात मिळत नाही. पाकिटावर "रोगप्रतिकारक" छापलेलं असतं, ते बहुधा बुरशीच्या एखाददुसऱ्या रोगापुरतं. म्हणून वाणाच्या आधी रोग ओळखायला शिका. तो क्रम उलटा केला की काय होतं, ते मी अर्ध्या एकरावर शिकले आहे.

चार वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून तीन हजार रोपं आणली. ट्रेमधल्या काही रोपांच्या पहिल्या दोन जाड पानांवर ओलसर डाग होते. डिसेंबरची थंडी असेल, खताचं पाणी जरा कडक झालं असेल, अशी माझी मीच समजूत घातली आणि लावण उरकली. वेल झकास पसरले. फेब्रुवारीच्या अखेरीस एक अवकाळी सर येऊन गेली. मार्चच्या मध्यावर, तोडा आठ दिवसांवर आलेला असताना, फळांच्या पाठीवर हिरवट-काळे डाग दिसायला लागले. तोड्याच्या दिवशी व्यापाऱ्यानं टेम्पो बांधावरच उभा केला, दहा-बारा फळं उलटीपालटी करून पाहिली आणि निम्मा माल न उचलताच गेला. डाग डिसेंबरातच दिसले होते, मी ते वाचले नाहीत.

पायरी १: हत्यारं आणि वेळ

दहापट मोठं दाखवणारं भिंग, नवं ब्लेड, काचेचा ग्लास, वर्तमानपत्राचे दोन-चार कागद, पेन. बस. भिंग पोस्टाची तिकिटं जमवणारे वापरतात तसलं साधं चालतं.

शेतात सकाळी सातच्या आत पोचायचं, दहिवर पानांवर असताना. जिवाणूंचा स्राव त्या ओलाव्यात दिसतो, नऊ वाजता उन्हानं सुकून गेला की डाग नुसता तपकिरी उरतो आणि मग तो कशाचाही वाटतो. मात्र ओल्या वेलांत हिंडायचं नाही. ओल्या पानाला पाय घासला की रोग तुमच्याबरोबर पुढच्या वाफ्यात जातो. कडेनं बघा, संशय आलेली पानं खुडून घ्या, हात धुवा.

पायरी २: ट्रेमध्ये रोप असतानाच

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. फळडागाचा जिवाणू, ॲसिडोव्होरॅक्स सिट्रुली, मुख्यतः बियाण्यातून येतो. बी उगवलं की तो आधी बीजपत्रांवर, म्हणजे त्या पहिल्या दोन गुळगुळीत जाड पानांवर दिसतो. शेजारच्या एका आजींनी मला फार पूर्वी काकडीच्या वेलाजवळ बसवून सांगितलं होतं, "बाय, पान उलटं करून बघ, वरनं काय कळायचं नाय." भिंगाआधीचा धडा तोच.

बीजपत्र उलटं करा. खालच्या बाजूला, शिरेच्या आसपास, पाण्यात भिजल्यासारखा तेलकट ठिपका आहे का? डाळिंबावरचा तेल्या ज्यांनी पाहिलाय त्यांना तेलकट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. तो रोगही जिवाणूंचाच. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी भज्यांच्या कागदावरचा डाग आठवावा. पान उजेडाकडे धरलं की तेवढा भाग काचेसारखा अर्धपारदर्शक दिसतो. दोन-चार दिवसांत तो तपकिरी होतो, शिरेच्या कडेनं लांबट पसरतो, कधी सबंध रोप कोलमडतं.

याच्याशी गल्लत होणाऱ्या गोष्टी दोन. रोप मातीलगत बारीक होऊन आडवं पडलं आणि पानं मात्र स्वच्छ असली, तर ती रोपांची मर, बुरशीची. पानांची नुसती कड करपली, मधला भाग हिरवा आणि कोरडा राहिला, तर खताचा किंवा फवारणीचा चटका. चटका सगळ्या ट्रेवर साधारण सारखा दिसतो. जिवाणू तसा दिसत नाही, तो ट्रेच्या एका कोपऱ्यात चार-सहा रोपांचा पुंजका करतो आणि झारीच्या पाण्याचे शिंतोडे उडतील तसा पुंजका वाढत जातो. रोपवाटिकेतली दमट ऊब आणि डोक्यावरून घातलेलं पाणी त्याला मानवतं.

असा पुंजका दिसला तर नुसती डागाळलेली रोपं उपटून बाकीची लावू नका. शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या रोपांवरही जिवाणू असतो, लक्षण उशिरा येतं. तो ट्रे आणि आजूबाजूचे ट्रे बाद करा. जीवावर येतं, कबूल. रोपाला मोजलेले पैसे आठवतात. पण मल्चिंग (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद), ठिबक, खत आणि अडीच महिन्यांची मजुरी अजून घालायची असते.

पायरी ३: वेलावरचं पान

इथं शेतकऱ्याच्या तोंडी चार शब्द असतात: केवडा, भुरी (पानावरची पांढरी पूड), करपा (सुकलेले तपकिरी डाग), मर (वेल सुकून जाणं). चारही बुरशीचे किंवा बुरशीसारख्या जिवांचे रोग. जिवाणूजन्य डागाला आपल्याकडे वेगळं नावच रुळलेलं नाही, त्यामुळे तोही करप्यात जमा होतो आणि बुरशीनाशकाचा खर्च वाया जातो.

खरी गल्लत केवडा आणि जिवाणूजन्य कोनी ठिपके यांच्यात होते, विशेषतः काकडी आणि खरबुजावर. दोन्ही ठिपके शिरांच्या मध्ये अडकतात, म्हणून दोन्ही चौकोनी-त्रिकोणी दिसतात. ओळख पानाच्या खालच्या बाजूला आहे. केवड्यात सकाळी ठिपक्याखाली करडी-जांभळट बुरशी दिसते, भिंगाखाली ती मखमलीसारखी भासते. कोनी ठिपक्यात मखमल नसते. तिथं दुधट पाण्याचे बारीक थेंब असतात आणि ऊन चढलं की त्यांची पांढरी खपली धरते. या जिवाणूच्या शास्त्रीय नावातला शेवटचा शब्द, लॅक्रिमॅन्स, लॅटिनमधल्या अश्रूंवरूनच आलाय. पुढे ठिपक्याचा मधला भाग सुकून गळतो आणि पानाला भोकं पडतात.

शंका राहिलीच तर पान ओल्या कागदासह प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी डागावर तंतू किंवा लव आली तर बुरशी. डाग नुसता ओला, चिकट झाला तर जिवाणूचा संशय. खात्री नाही, संशय. तसंच लिहून ठेवा.

कलिंगडाच्या पानावर फळडागाची लक्षणं मुळीच ठसठशीत नसतात. शिरेच्या बाजूनं गेलेले लहानसे तांबूस-तपकिरी डाग, बस एवढंच. पानंही फारशी गळत नाहीत, वेल हिरवागार. मी फसले ती इथंच.

अजून एक. खोडातून तांबूस डिंक पाझरताना दिसला की नवखा माणूस म्हणतो, जिवाणूचा स्राव. बहुतेक वेळा तो डिंक्या करपा असतो, बुरशीचा. डिंकाशेजारच्या सुकलेल्या सालीवर भिंग धरा. मोहरीपेक्षाही बारीक काळे ठिपके दिसले तर ती त्या बुरशीची फळं.

पायरी ४: वेल मान टाकतो तेव्हा

दुपारी मान टाकून संध्याकाळी पुन्हा ताठ होणारा वेल आधी पाण्याचा आणि मुळांचा प्रश्न सांगतो. एक झाड उपटून मुळं बघा, गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत. संध्याकाळीही उठला नाही, आधी एक फांदी आणि मग सगळा वेल गेला, तर बुडाजवळचं खोड तिरकं कापा. आतली शीर तपकिरी दिसली तर फ्युजेरियम बुरशीची मर धरून चाला. आपल्याकडे कलिंगडाच्या मरीमागे बहुधा तीच असते.

जिवाणू आहे का हे बघायला ग्लासाची चाचणी आहे. बुडाजवळच्या खोडाचा बोटभर तुकडा ब्लेडनं कापा आणि स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक जेमतेम बुडेल असा धरा. पाणी हलू देऊ नका. दोन-तीन मिनिटांत टोकातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरली तर जिवाणू. पहिल्यांदा करणाऱ्याला धार म्हणजे नेमकी कशी हेच कळत नाही, म्हणून मी सांगते की आधी वांग्यावर हात बसवा. कोकणात वांग्याची जिवाणूजन्य मर भरपूर. हिरव्या पानांसकट अचानक माना टाकलेलं वांग्याचं झाड घ्या, ग्लास खिडकीसमोर धरा, मागे काळं कापड लावा. उदबत्तीचा धूर उलटा, खालच्या दिशेनं चाललाय असं दिसतं. एकदा पाहिलं की विसरत नाही. मग कलिंगडाचा तुकडा तसाच धरा. माझ्या शेतात तरी आजवर पाणी नितळच राहिलंय.

मोबाइलवर शोधलं की खरबुजाच्या एका जिवाणूजन्य मरीबद्दल फार मजकूर येतो: एर्विनिया ट्रॅकिफिला, खोड कापून दोन टोकं जुळवून हळूच ओढली की कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा ताणला जातो, पट्टेरी आणि ठिपकेवाले भुंगेरे रोग पसरवतात वगैरे. ते खरं आहे, पण तो रोग मुख्यतः उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला, भुंगेरेही तिकडचे, आणि कलिंगड त्याला फारसं बळी पडत नाही. आपले लाल भुंगेरे पानं चाळणीसारखी करतात, त्यांचा बंदोबस्त त्याकरता करा. तिकडचं औषधांचं वेळापत्रक मात्र इकडे उतरवून घेऊ नका.

पायरी ५: फळ

फुलापासून पुढचे दोन-तीन आठवडे फळाच्या सालीवर मेणाचा थर नीट धरलेला नसतो. जिवाणू आत शिरतो तो तेव्हा. डाग मात्र फळ तयार व्हायला आलं की दिसतो. सुरुवातीला टाचणीच्या डोक्याएवढा, गडद शेवाळी, तेलकट ठिपका, आणि तो फळाच्या वरच्या, आभाळाकडच्या बाजूला. आठ-दहा दिवसांत वेडावाकडा पसरत पाठ व्यापतो. मग साल तडकते, तडीतून पिवळट-तपकिरी चीक येतो आणि आत दुसरेच कुजवे जंतू शिरतात.

खालची, मातीला टेकलेली बाजू कुजली असेल तर ते ओलीचं आणि बुरशीचं काम. फुलाच्या टोकाला काळपट, खोलगट, कोरडा डाग म्हणजे पाण्याची ओढाताण आणि कॅल्शियम कमी पडणं. वरची साल पांढरट-पिवळी पडली तर ऊन लागलंय. सालीवर सुईचं भोक आणि त्यावर डिंकाचा थेंब असेल तर फळमाशी, कापून अळ्या बघा. खरबुजावर फळडागाचा ठिपका लहानच राहतो, जाळीखाली दडतो, पण आत गरापर्यंत कूज जाते.

डोळा तयार करायला एक फुकटची शाळा आहे. मार्च-एप्रिलात वाशीच्या घाऊक फळबाजारात पहाटे जा. कलिंगडांचे ढीग लागलेले असतात आणि कडेला नाकारलेला माल पडलेला असतो. तिथं तासभर फळं उलटून पाहिलीत तर ऊन, माशी, कूज आणि डाग यांतला फरक हाताला कळतो. हमालांच्या वाटेत तेवढं उभं राहू नका.

पायरी ६: खात्री करून घेणं

डोळ्यांनी केलेली ओळख अंदाजच असते. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात नमुना कुठे द्यायचा ते विचारा. ठाणे जिल्हा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, तिथं वनस्पती रोगशास्त्राचा विभाग आहे. पूर्ण मेलेला वेल नेऊ नका, त्यावर सगळेच जंतू सापडतात. डागाची कड आणि लगतचा हिरवा भाग असलेली पानं, नुकता ठिपका पडलेलं फळ न्या. वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये माल घामेजतो. सोमवारी-मंगळवारी पाठवा, म्हणजे रविवारी कुठे पडून सडणार नाही. सोबत चिठ्ठी: वाण, बियाण्याचा लॉट क्रमांक, लावणीची तारीख, पहिला डाग कधी दिसला, काय काय फवारलं.

फवारणीचं निघालंच म्हणून. पान दाखवलं की दुकानातला भाऊ लगेच म्हणतो, "ताई, स्ट्रेप्टो टाका." त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लिन असतं, माणसांच्या उपचारातली प्रतिजैविकं. शेतीतला त्यांचा वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये काढला. मी ती पुडी घेणं सोडलंय. मरीवर तर ती घालण्यात अर्थच नाही, बुरशीला प्रतिजैविक काय करणार? मी एका वर्षी घातली होती. वेलही गेले आणि पैसेही.

तांबेयुक्त औषध जिवाणूचा पसारा कमी करतं, लागलेला रोग बरा करत नाही. म्हणून ते फुलं उमलायच्या सुमारास, फळ धरायच्या आधी सुरू करावं लागतं. फळावर डाग आल्यावर मारणं म्हणजे वरातीमागून घोडं. लेबलवर आपलं पीक आणि मात्रा आहे का ते वाचा, जास्त मात्रेनं पानं जळतात. फवारणी संध्याकाळी करा, सकाळ मधमाश्यांची.

पायरी ७: वाण निवडताना

दुकानात "कुठल्या रोगाला प्रतिकारक?" एवढा एकच प्रश्न विचारा आणि पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचा. मोठ्या बियाणं कंपन्या इंग्रजी आद्याक्षरांत लिहितात. एचआर म्हणजे जास्त प्रतिकार, आयआर म्हणजे मध्यम. एफओएन म्हणजे कलिंगडाची फ्युजेरियम मर, एफओएम खरबुजाची, आणि पुढचे ०, १, २ हे आकडे त्या बुरशीच्या वंशांचे. सीओ म्हणजे करपा, पीएक्स म्हणजे भुरी. फळडागाचं नाव या यादीत शोधून बघा, सापडणार नाही.

आपल्या देशी संशोधनातलं चांगलं उदाहरण अर्का माणिक. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं हे वाण भुरी, केवडा आणि करपा या तिन्हींना तोंड देतं. पण फळ मोठं, सहा किलोच्या घरात, आणि शहरातल्या चौकोनी कुटुंबाला दोन-तीन किलोचं फळ हवं असतं, त्यामुळे व्यापारी नाक मुरडतो. शुगर बेबी लहान, काळपट सालीचं, गोड, पण रोगांपुढे हात टेकणारं. मी हल्ली मरीला प्रतिकार असलेला संकर घेते, कारण माझ्या जमिनीत मर आहे. तुमच्यात भुरी जास्त असेल तर तुमची निवड वेगळी.

फळडागाला प्रतिकार शोधायचं काम झालंय. अमेरिकेत हजाराहून जास्त नमुने तपासून आफ्रिकेतल्या दोन कलिंगडांत, पीआय ४८२२७९ आणि पीआय ४९४८१७ मध्ये (हे तिथल्या बीजसंग्रहातले क्रमांक), बऱ्यापैकी प्रतिकार आढळला. तो गोड, लाल, बाजारात चालणाऱ्या फळात उतरवणं ही वेगळी गोष्ट. तोवर एवढं धरून चाला की फिक्या हिरव्या सालीची वाणं या डागाला जास्त बळी पडतात, गडद आणि जाड सालीची तुलनेनं कमी. काकडी लावणाऱ्यांचं नशीब जरा बरं, कोनी ठिपके सहन करणारे संकर तिथं आहेत.

पायरी ८: बियाणं

फळडागाशी झुंज इथंच जिंकायची किंवा हरायची. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडासह काही राज्यांत या रोगानं कलिंगडाचे मळे झोपवले, आणि दाव्यांच्या धास्तीनं १९९४ मध्ये तिथल्या काही कंपन्यांनी कलिंगडाचं बी विकणं काही काळ थांबवलं होतं. आज चांगल्या कंपन्या एका लॉटमधल्या दहा हजारांहून जास्त बिया उगवून तपासतात. तरीही शंभर टक्के हमी कुणी देत नाही. जिवाणू बियाण्यात तीस वर्षांहून अधिक काळ तग धरतो, म्हणून "जुनं बी आहे, रोग मेला असेल" हा हिशेब चुकीचा. आम्लाची बीजप्रक्रिया कंपन्यांनी करायची गोष्ट आहे, घरी बादलीत करू नका. रोगट शेतातल्या फळाचं बी तर धरायचंच नाही, कितीही गोड लागलं तरी.

शेताचंही थोडं बघा. त्याच खाचरात दोन-तीन वर्षं कलिंगड, काकडी, दुधी, पडवळ काहीच नको. आपोआप उगवलेले वेल उपटा. परड्यातला गणपतीतला चिबूडही याच कुळातला, त्याचे सुकलेले वेल तसेच मांडवावर ठेवून शेजारी कलिंगडाचे ट्रे मांडू नका.

रोपवाटिकेत रोपं सांगताना बियाणं स्वतः विकत घेऊन द्या आणि त्यातल्या शंभर बिया आधी घरी पेरा. रोपवाटिकेत बी पेरायला द्यायच्या तीन आठवडे आधी, वेगळ्या ट्रेमध्ये, वर प्लास्टिक झाकून, दमट आणि उबदार जागी. आठव्या दिवसापासून रोज बीजपत्रं उलटी करून बघा. शंभर रोपं स्वच्छ निघाली म्हणून लॉट निर्दोष ठरत नाही, पण एकावर जरी तेलकट ठिपका दिसला तरी उरलेलं बी कुणाच्या ट्रेमध्ये जायच्या आधी थांबवता येतं. दुकानदार कुरकुर करेल. त्यासाठी पक्कं बिल, लॉट क्रमांकाचं लेबल आणि रिकामं पाकीट तोडा संपेपर्यंत जपून ठेवायचं. माझी पाकिटं देवघरातल्या पंचांगात असतात, तिथून कुणी कचरा म्हणून फेकत नाही.